वाचकांचे प्रश्न : माणसाला काय विचारावे, कागदाला काय

गेल्या अंकातील जुन्या व्हिडिओ गेम्सवरील लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरणारी आहेत : या खेळांविषयी ज्यांनी सर्वांत आधी लिहिले, त्या पत्रकारांशी आज कसे बोलावे? म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : जुन्या गेम्सच्या आम्हा चाहत्यांच्या गटाने एका ज्येष्ठ अमेरिकी पत्रकारांना मुलाखतीची विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. या विषयावर लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्या 1980 च्या सुमारास ते लिहू लागले. आम्हाला दीड तास मिळणार आहे. चाळीस प्रश्नांची यादी सोबत पाठवली आहे. एवढे प्रश्न पुरतील का?

उत्तर : पुरण्याचा प्रश्न नाही, उरण्याचा आहे. दीड तासात दहा-बारा प्रश्न नीट विचारून झाले तरी पुष्कळ झाले. तुमच्या यादीतला पहिला प्रश्न ‘आपला सर्वांत आवडता गेम कोणता?’ असा आहे आणि दुसरा ‘हा व्यवसाय एवढा मोठा होईल असे तेव्हा वाटले होते का?’ असा. हे दोन्ही त्यांना आजवर असंख्य वेळा विचारले गेले असणार, आणि वारंवार दिलेले उत्तर ओढ्यातल्या गोट्यासारखे गुळगुळीत झालेले असते. त्याला कुठे धरावे हेच कळत नाही. ते दोन्ही काढून टाका.

विचारायचे ते त्यांच्या कामाबद्दल, म्हणजे रोज, स्वतःच्या हातांनी, कंटाळा येईपर्यंत केलेल्या कामाबद्दल. एक उदाहरण देतो. आज स्क्रीनशॉट घ्यायला एक बटण दाबले की झाले. 1981 मध्ये मासिकात गेमचे दृश्य छापायचे, तर टीव्हीच्या पडद्याचा कॅमेऱ्याने फोटो काढावा लागे. जुन्या पिक्चर ट्यूबवर संपूर्ण चित्र एका क्षणी कधीच नसते. इलेक्ट्रॉनांचा झोत अमेरिकी टीव्हीवर सेकंदाला साठ वेळा वरून खाली पडदा रेखत जातो आणि ते चित्र जुळवण्याचे काम आपला डोळा करतो. कॅमेऱ्याचे शटर त्याहून जलद मिटले, तर फोटोत आडवा काळा पट्टा उमटतो. मंद ठेवले, तर हलणारी पात्रे पुसट होतात. त्यातच अटारी 2600 या कन्सोलला (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राला) खेळ मध्येच थांबवण्याचे बटण नव्हते. (ते पुढे 1982 मधल्या अटारी 5200 च्या कंट्रोलरवर आले.) म्हणजे खोलीत अंधार करायचा, ट्रायपॉडवर कॅमेरा लावायचा, एकाने खेळत राहायचे आणि पात्रे जरा स्थिर झाली की दुसऱ्याने शटर दाबायचे. ही यातायात टाळण्यासाठी पुष्कळदा चित्रकाराकडून पडद्याचे चित्रच काढून घेतले जाई. आता त्यांना विचारा : ‘आपल्याकडे खेळायचे कोण आणि फोटो कोण काढायचे? चित्रकाराने काढलेले दृश्य प्रत्यक्ष गेमपेक्षा देखणे झाले, तर वाचक तक्रार करायचे का?’ याची उत्तरे कोणत्याही कोशात सापडणार नाहीत आणि देणाऱ्यालाही ती आठवून द्यावी लागतील.

दुसरे उदाहरण वेळापत्रकाचे. छापील मासिकाचा मजकूर अंक दुकानात येण्याच्या दोन-तीन महिने आधी तयार व्हावा लागे. नाताळात विक्रीला येणाऱ्या गेमचे परीक्षण नाताळाच्या अंकात द्यायचे, तर ते अमेरिकेतला उन्हाळा सरता सरता लिहून व्हायला हवे, आणि तोवर गेम बहुधा अर्धवटच असायचा. अशा वेळी परीक्षण कशाचे लिहिले? अपुऱ्या नमुन्याचे, प्रोग्रामरने फोनवर सांगितलेल्या गोष्टींचे, की कंपनीच्या पत्रकाचे? हा प्रश्न आरोपाच्या सुरात नको, तर एका कारागिराने दुसऱ्या कारागिराला विचारावा तसा विचारा.

तिसरे उदाहरण नावांचे, आणि माझ्या मते तुमच्या मुलाखतीचा गाभा इथे आहे. अटारी कंपनी त्या काळात गेम बनवणाऱ्यांची नावे छापत नसे. म्हणूनच वॉरन रॉबिनेट यांनी ‘अॅडव्हेंचर’ या गेममध्ये स्वतःचे नाव एका गुप्त खोलीत लपवून ठेवले. श्रेय आणि मोबदला या दोन्ही बाबतींत नाराज झालेल्या प्रोग्रामरांनी अटारी सोडून 1979 मध्ये अॅक्टिव्हिजनच्या स्थापनेत भाग घेतला आणि त्या कंपनीने गेमकर्त्यांची नावे ठळकपणे द्यायला सुरुवात केली. ज्या व्यवसायात कर्त्याचे नाव हेच गुपित होते, तिथे पत्रकाराला ते कोण सांगत असे आणि कळल्यावर छापता येत असे का, हे आवर्जून विचारा. लेखक, चित्रकार किंवा संगीतकार यांच्याविषयी लिहिणाऱ्यांना ही अडचण क्वचितच आली असेल.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. समोर बसताना त्यांच्याच जुन्या अंकांची चळत जवळ ठेवा. दूरवरून बोलणार असाल, तर पानांच्या प्रती आधी पाठवून द्या. स्वतःचा लेख वाचून माणसाला फारसे आठवत नाही, पण लेखाशेजारची एखादी जाहिरात किंवा श्रेयनामावलीतले एखादे विसरलेले नाव दिसले की आठवणींची गाठ सुटते. यादीतले प्रश्न तिथेच बाजूला ठेवून ऐकत राहा.

प्रश्न : एका जुन्या संपादकांशी बोलताना त्यांनी एका गेमच्या प्रकाशनाची जी तारीख छातीठोकपणे सांगितली, ती आमच्याकडच्या अंकाशी जुळत नाही. प्रत्यक्ष साक्षीदार खोटा कसा म्हणावा?

उत्तर : खोटा म्हणू नका, तारखेपुरता कच्चा म्हणा. प्रसंग, माणसे, आवाज, खोलीतली मांडणी हे सारे चाळीस वर्षे टिकते. तारीख मात्र सर्वांत आधी गळून पडते आणि तिच्या जागी नंतर कुठेतरी वाचलेली तारीख येऊन बसते. मी स्वतः एका वयोवृद्ध संपादकांना त्यांच्या एका विशेषांकाचे साल विचारण्याची चूक केली होती. त्यांनी वीस मिनिटे ते साल शोधण्यात घालवली आणि दमून मुलाखत आवरती घेतली. ते साल मला ग्रंथालयात पाच मिनिटांत मिळाले, पण ती वीस मिनिटे परत मिळाली नाहीत. तेव्हापासून तारीख कागदाला विचारायची, असे मी ठरवून टाकले आहे.

अर्थात कागदालाही खोड्या असतात. अमेरिकी मासिकांच्या मुखपृष्ठावर जो महिना छापलेला असे, त्याच्या कितीतरी आधी अंक विक्रीला येत असे, कारण तो महिना उलटला की विक्रेता अंक फळीवरून काढून टाकी. त्यामुळे मुखपृष्ठावरचा महिना म्हणजे बातमीचा महिना नव्हे. तुमच्या संपादकांची तारीख अंकाच्या तारखेपेक्षा तीन-चार महिने आधीची असेल, तर कदाचित दोघेही बरोबर असतील.

कधीकधी मात्र कागदच नसतो. सुपर मारिओ ब्रदर्स जपानमध्ये 13 सप्टेंबर 1985 रोजी आला, याबद्दल वाद नाही. अमेरिकेत तो नेमका कोणत्या दिवशी विक्रीला आला, यावर मात्र अभ्यासकांचे आजही एकमत नाही. तो बनवणाऱ्या निंटेंडो कंपनीने 1985 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क परिसरात आपल्या कन्सोलची चाचणी विक्री सुरू केली, पण हा गेम पहिल्या दिवसापासून फळीवर होता की मागून आला, यावरच घोडे अडते. एवढ्या प्रसिद्ध गेमची ही गत का व्हावी? 1983 मध्ये अमेरिकेतला गेम्सचा बाजार कोसळला आणि त्याबरोबर त्यावर लिहिणारी मासिकेही गेली. ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हे त्यांतले अग्रणी मासिकही 1985 मध्ये बंद पडले. नोंद ठेवणारे घरी बसले होते नेमके त्याच वेळी ही घटना घडली. त्या पडत्या काळात तग धरून राहिलेले ‘कॉम्प्युटर एंटरटेनर’ हे छोटे वार्तापत्र म्हणूनच आज अभ्यासकांना सोन्याच्या मोलाचे वाटते.

याच्या उलट, कागदावर छापले म्हणून ते खरे, असेही धरून चालू नका. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या नाणी टाकून खेळायच्या गेममुळे जपानमध्ये 100 येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला, हे वर्षानुवर्षे छापून येत राहिले. प्रत्यक्षात तिथल्या टांकसाळीने 1978 आणि 1979 मध्ये ही नाणी आधीच्या वर्षांपेक्षा कमी पाडली होती; खरोखर तुटवडा असता, तर ती जास्त पाडली असती. अटारीने न खपलेली गेम्सची कार्ट्रिजे (कन्सोलमध्ये घालायच्या डब्या) न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे पुरली, ही गोष्ट मात्र अनेकांना दंतकथा वाटत असताना 2014 च्या एप्रिलमध्ये झालेल्या उत्खननात खरी निघाली. तीही अर्धीच : सांगोवांगीने तिथे ‘ई.टी.’ गेमच्या लाखो प्रती होत्या, तर जमिनीखाली निघाली ती अनेक वेगवेगळ्या गेम्सची सरमिसळ.

तेव्हा तुमच्या संपादकांचे म्हणणे जसेच्या तसे छापा आणि खाली तळटीपेत अंकातली तारीख द्या. त्यांच्या तोंडी दुरुस्त तारीख घालू नका, कारण ते तसे बोललेलेच नाहीत.

प्रश्न : आमच्या मुलाखतीला ‘जगातील पहिले व्हिडिओ गेम पत्रकार’ असे शीर्षक द्यावे का?

उत्तर : देऊ नये. ‘पहिला’ हा शब्द शीर्षकात शोभून दिसतो खरा, पण पहिला कशाचा, हे सांगताना लेखकाची दमछाक होते. आर्केड यंत्रांच्या, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या, धंद्यासाठी ‘प्ले मीटर’ हे व्यापारी नियतकालिक 1974 मध्ये आणि ‘रिप्ले’ 1975 मध्ये निघाले. त्यांत लिहिणारे पत्रकारच होते, फक्त त्यांचा वाचक खेळाडू नसून यंत्रमालक होता. खेळणाऱ्यासाठी लिहिणाऱ्यांत बिल कुंकेल आणि आर्नी कॅट्झ यांचे नाव अग्रक्रमाने येते. ‘व्हिडिओ’ या मासिकात त्यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस ‘आर्केड अॅली’ हे सदर सुरू केले. पुढे जॉइस वॉर्ली यांच्यासह त्यांनीच 1981 च्या अखेरीस ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ काढले. ब्रिटनमधील ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’च्या पहिल्या अंकावर नोव्हेंबर 1981 छापले आहे, म्हणजे शर्यत आठवड्यांच्या फरकाची होती. जपानमधील ‘फामित्सू’ हे आज सर्वांना ठाऊक असलेले साप्ताहिक तर 1986 मध्ये आले.

मला या त्रिकुटाबद्दल ‘पहिले’पणापेक्षा एक वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. ते विज्ञानकथांच्या चाहत्यांच्या वर्तुळातून आले होते, जिथे हौशी मंडळी स्वतःच लिहून, छापून, टपालाने एकमेकांना अंक पाठवत असत. वाचक पत्र लिहिणार, संपादक त्याला उत्तर देणार आणि त्यावर तिसरा वाद घालणार, ही सवय त्यांनी तिथून आणली. कुंकेल ‘गेम डॉक्टर’ या नावाने वाचकांच्या शंकांना उत्तरे देत, त्यामुळे प्रश्नोत्तरांचे सदर चालवणाऱ्या मला ते घरचेच वाटतात. (ते 2011 मध्ये गेले. ज्यांना भेटायचे आहे, त्यांना पुढच्या वर्षावर टाकू नये.) तुमचे पाहुणे कोणत्या वर्तुळातून या लेखनात आले, हे विचारलेत तर शीर्षक आपोआप मिळेल.

प्रश्न : त्या काळी मासिके जाहिरातदारांच्या दबावाखाली परीक्षणे लिहीत, असे म्हणतात. हे थेट विचारणे असभ्य ठरेल का?

उत्तर : ‘आपण विकले गेला होता का?’ असे विचाराल, तर ठरेल, आणि उत्तरही ‘नाही’ एवढेच येईल. त्याऐवजी एक ठरावीक अंक उघडा. मासिकाचा विषय गेम्स, वाचक गेम्सचे आणि जाहिरातीही गेम्सच्याच. पोटापाण्याचा दुसरा मार्ग जवळजवळ नाहीच. अशा वेळी प्रतिकूल परीक्षण आणि त्याच कंपनीची पानभर जाहिरात एकाच अंकात असतील, तर ते पान समोर ठेवून ‘हा अंक निघाल्यावर कुणाचा फोन आला होता का?’ असे विचारा. प्रसंगाबद्दल विचारले की माणूस प्रसंग सांगतो. नीतीबद्दल विचारले की भाषण देतो. नाव न छापण्याच्या अटीवर काही सांगितले, तर ती अट पाळावी, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : मुलाखतीसोबत त्यांच्या जुन्या लेखांची पाने छापायला त्यांची परवानगी पुरेशी आहे का? आणि ध्वनिमुद्रणाचे पुढे काय करावे?

उत्तर : बहुधा पुरेशी नाही. लेख त्यांनी लिहिला असला, तरी हक्क पुष्कळदा प्रकाशकाकडे असतात, आणि प्रकाशनसंस्था बंद पडली तरी हक्क संपत नाहीत. ते कुणाकडे तरी गेलेले असतात. त्यांच्याकडे जुने करारपत्र आहे का, हे मुलाखतीच्या दिवशी नव्हे, तर आधीच्या पत्रव्यवहारात विचारून घ्या.

ध्वनिमुद्रण दोन यंत्रांवर करा आणि शब्दांकन झाल्यावर मूळ फीत पुसू नका. शब्दांकनात आपण अडखळणे, थांबणे, ‘नाही, थांबा, ते तसे नव्हते’ असे स्वतःला दुरुस्त करणे गाळून टाकतो; आणि नेमके तिथेच ऐकणाऱ्याला कळते की ही आठवण पाठ केलेली नाही. पाहुण्यांची लेखी संमती असेल, तर संपूर्ण ध्वनिमुद्रण एखाद्या संग्रहाला द्या. अमेरिकेतील रॉचेस्टरमधील ‘द स्ट्राँग’ हे खेळांचे संग्रहालय आणि 2017 पासून जाहीरपणे काम करणारे ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या दोन संस्था अशा साहित्याचे जतन करतात. मासिकांची कागदपत्रे, छायाचित्रे किंवा जुनी टिपणवही पाहुण्यांच्या माळ्यावर अजून असेल, तर ती फेकण्याआधी या संस्थांना कळवावे, एवढे मुलाखत संपवून उठता उठता त्यांच्या कानावर घाला.