ब्लॅक स्टार या अमेरिकन रॅप जोडीचा दुसरा अल्बम २४ वर्षांनी आला. पहिला आवडलेल्याने तो ऐकावा का?

तुम्ही लिहिलंय की मराठी रॅप ऐकता ऐकता ब्लॅक स्टारच्या पहिल्या अल्बमपर्यंत पोचलात, तो फार आवडला, पण दुसऱ्या 'नो फिअर ऑफ टाइम'बद्दल सगळीकडे "जुनी मजा नाही" एवढंच वाचायला मिळालं. मग ऐकावा की सोडून द्यावा?

ऐका. फक्त पहिला संपला की लगेच दुसरा लावू नका. मध्ये चार दिवस जाऊ द्या.

कारण सांगतो, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. कॉलेजात असताना आमचा एक पोवाड्याचा गट होता. माझा मित्र शाहीर आणि मी झीलकरी. ज्यांनी पोवाडा नीट ऐकला नसेल त्यांना वाटतं झीलकरी म्हणजे मागे उभा राहून 'जी जी रं जी' म्हणणारा माणूस. तसं नसतं. शाहिराचा श्वास कुठे संपणार हे झीलकऱ्याला आधीच कळावं लागतं, नाहीतर ओळ खाली पडते. त्याच दिवसांत हॉस्टेलवर कोणाकडून तरी कॉपी केलेली ब्लॅक स्टारची कॅसेट हातात आली. इंग्रजी निम्मं कळत नव्हतं. पण त्यातले दोघे रॅपर, मॉस डेफ आणि तालिब क्वेली, एकमेकांची ओळ ज्या पद्धतीने उचलत होते ते मला पहिल्या मिनिटात कळलं. हे आमचंच काम होतं, फक्त डफाच्या जागी दुसरा ठेका.

तो अल्बम २९ सप्टेंबर १९९८ ला आला. टुपाक आणि बिगी हे दोन मोठे रॅपर १९९६ आणि १९९७ मध्ये गोळ्यांनी गेले होते, न्यूयॉर्कच्या हिपहॉपवर त्याचं सावट होतं, आणि ब्रुकलिनची ही दोन पोरं 'डेफिनिशन'मध्ये त्या मरणांबद्दल सरळ बोलत होती. नावही उगाच घेतलेलं नव्हतं. काळ्या लोकांचे नेते मार्कस गार्वी यांनी १९१९ मध्ये काळ्या लोकांच्या मालकीची जहाज कंपनी काढली, तिचे शेअर साध्या कष्टकऱ्यांनी पाच-पाच डॉलरला घेतले, तिचं नाव 'ब्लॅक स्टार लाइन'. क्वेली ब्रुकलिनमधल्या एन्किरू नावाच्या पुस्तकांच्या दुकानात काम करायचा, पुढे दोघांनी मिळून ते दुकान विकतही घेतलं. त्यामुळे 'थीव्ज इन द नाइट' या गाण्याची मुळं टोनी मॉरिसन यांच्या 'द ब्लूएस्ट आय' या १९७० च्या कादंबरीत सापडतात, याचं नवल वाटायला नको. आणि 'रेस्पिरेशन'! रात्रीचं आख्खं शहर त्यात श्वास घेतं. मी ते लक्ष्मी रोडवर दुकानं बंद झाल्यावर चालत ऐकलंय, आणि ते तिथलंच वाटलं.

त्यानंतर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९९९ मध्ये मॉस डेफचा स्वतःचा अल्बम आला, पुढे त्याने नाव बदलून यासीन बे केलं. क्वेली सतत लिहीत, गात राहिला. अधूनमधून एका मंचावर यायचे, पण अल्बम नाही. तो आला थेट ३ मे २०२२ ला. नऊ गाणी, संगीत सगळं मॅडलिब या अमेरिकन संगीतकाराचं. हा तोच मॅडलिब ज्याने २००७ मध्ये आपल्याकडच्या जुन्या हिंदी चित्रपटसंगीताचे तुकडे वापरून भारतावर एक आख्खा संग्रह केला होता.

पण आला तो ल्युमिनरी नावाच्या पॉडकास्टच्या ॲपवर, आणि त्या दिवशी फक्त तिथेच. स्पॉटिफायवर नाही, दुकानात सीडी नाही. आपला माल कुठे आणि कसा विकायचा हे कलाकाराने स्वतः ठरवावं, हे मला मनापासून पटतं. तरीही वाईट वाटलं. ज्यांनी २४ वर्षं वाट पाहिली त्यातल्या कितीतरी लोकांनी तो ऐकलाच नाही. "जुनी मजा नाही" हे मत बऱ्याच ठिकाणी ऐकीव आहे, याचं एक कारण हेही असावं.

मलाही पहिल्यांदा तो आवडला नव्हता. ठेके कमी, ध्रुवपद जवळपास नाहीच, गाणी मध्येच सुरू होतात नि मध्येच सुटतात. मी बाजूला ठेवून दिला.

पुढच्या वर्षी ११ एप्रिलला, फुले जयंतीला, गंज पेठेत फुलेवाड्यावर माझा तो शाहीर मित्र भेटला. नोकरीमुळे तो मराठवाड्यात गेला होता आणि आम्ही एकत्र गायलो त्याला वीसेक वर्षं झाली होती. लोकांनी आग्रह केला म्हणून उभे राहिलो. पोवाड्याच्या पहिल्याच चौकात, म्हणजे कडव्यात, त्याचा दम संपला आणि माझी झील उशिरा आली. मग त्याने काय केलं, तर पट्टी खाली घेतली, ओळी तोडून म्हणायला लागला आणि माझ्यासाठी मुद्दाम जागा सोडायला लागला. पूर्वी आम्ही जागा सोडत नव्हतो, भरत होतो. त्या संध्याकाळचा पोवाडा पूर्वीच्या जोमाचा नव्हता, पण शब्द पहिल्यांदाच एकेक करून ऐकू आले. ज्योतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना, हे त्याने पोवाड्यात म्हटलं तेव्हा मला ब्लॅक स्टार आठवलेच. घरी जाताना तो बाजूला ठेवलेला अल्बम पुन्हा लावला.

आणि मग कळलं. अल्बम आला तेव्हा यासीन ४८ वर्षांचा होता, क्वेली ४६ चा. पंचविशीच्या आवाजाची नक्कल त्यांनी केलेलीच नाही. क्वेलीने सांगितलंय की युरोपात यासीनला भेटायला गेला असताना बोलणं निघालं, मग क्वेलीने ध्वनिमुद्रण करणारा माणूसच सोबत ठेवला, आणि एके दिवशी हॉटेलात मॅडलिबचे ठेके लावलेले असताना यासीन त्यावर बोलायला लागला. तिथून पहिलं गाणं झालं. पुढची कामं हॉटेलच्या खोल्यांत आणि विनोदवीर डेव्ह चॅपेलच्या कार्यक्रमांच्या वेळी मंचामागे झाली. म्हणून ती गाणी गप्पांसारखी मध्येच सुरू होतात. मी ज्याला कच्चेपणा समजत होतो, ती दोन जुन्या मित्रांनी एकमेकांसाठी सोडलेली जागा होती.

पहिला अल्बम मोठा आहे यात मला शंका नाही, आणि दुसऱ्यात एक-दोन गाणी मला आजही अर्धवट वाटतात. यासीन काही ठिकाणी गुणगुणण्यातच रमतो, तिथे क्वेलीने त्याला ओढून आणायला हवं होतं.

सुरुवात 'फ्रीक्वेन्सी'पासून करा. द रूट्स या हिपहॉप बँडचा रॅपर ब्लॅक थॉट त्यात आहे, आणि जुन्या ब्लॅक स्टारच्या ते सगळ्यात जवळ आहे. मग पहिल्या गाण्यावर जाऊन सलग नऊही ऐका, हेडफोन लावून. पहिल्या खेपेला अर्थ शोधत बसू नका. कोण कुठे श्वास घेतो आणि तेव्हा दुसरा काय करतो, तेवढंच ऐका.