वाचक विचारतात : शिमग्याचं पोस्त

प्रश्न : शिमग्याला मुंबईहून गुहागरकडे गावी जातो. दारात संकासुर-गोमूची सोंगं घेतलेले खेळे येतात, रस्त्यात पोरं दोरी धरून पोस्त, म्हणजे सणाची बक्षिसी मागतात. कुणाला किती द्यावं? सुट्टे पुरत नाहीत.

उत्तर : निघण्याआधी बँकेतून दहाच्या नोटांचं एक बंडल घ्या. 100 नोटा, 1000 रुपये. कोऱ्या नोटा चिकटतात आणि एकाऐवजी दोन जातात, म्हणून आधी पिसून ठेवा. दहाची नाणीही चालतात. सगळ्या नमुन्यांची वैध आहेत, कुणी काही म्हणो.

पोरांना दहा पुरे. पण वाडीच्या रस्त्यावरच, गाडी पूर्ण थांबवून, डाव्या खिडकीतून द्या. चालत्या गाडीतून नोट टाकली की ती उडते आणि पोरं चाकाशी धावतात. हायवेवर मुळीच थांबू नका.

दारातल्या खेळ्यांना पन्नास-शंभर, तेही झोळी सांभाळणाऱ्याच्या हाती. संकासुराला वेगळे, गोमूला वेगळे दिले की वाटणीवरून कुरबुर ठरलेली. सुपात तांदूळ-नारळ ठेवलात तर उत्तमच. पालखीपुढचे पैसे मात्र ओटीच्या ताटात. क्यूआर कोड दिसला तर पिन टाकण्याआधी नाव वाचा. रेंज नसेल तर तीनतीनदा पाठवत बसू नका.