पहिल्याच आमंत्रणात जेवण कशाला?

लीड्सच्या मित्रा,

तुझं पत्र वाचलं. ऑफिसातल्या सहकारिणीला तू म्हणालास, 'प्लीज कम टु माय होम फॉर डिनर ऑन सॅटरडे.' ती म्हणाली, 'दॅट्स सो काइंड, मेबी अनदर टाइम.' पुढच्या आठवड्यात तू पुन्हा विचारलंस, वर 'यू मस्ट कम' असंही. तेव्हापासून ती लिफ्टमध्ये मोबाइलमध्ये डोकं घालून उभी राहते. आणि तू मला विचारतोस, माझं इंग्रजी कमी पडतं का?

इंग्रजी ठणठणीत आहे रे. माप चुकलं. तुमच्या सांगलीत कुणालाही 'या की जेवायला' म्हणता येतं, आणि पाहुणा नको नको म्हणाला तरी ताटात वाढायचं असतं. तिकडे जेमतेम ओळखीच्या माणसानं एकटीला घरी जेवायला बोलावणं फार जड होतं. त्यात 'मस्ट' आलं, मग संपलंच.

सहज विचारायचं तर लहानसं विचारावं. 'फॅन्सी अ कॉफी आफ्टर वर्क?' बस. किंवा आधी आपला बेत सांगावा, मग विचारावं: 'आयम गोइंग टु किर्कगेट मार्केट फॉर लंच, वॉना कम?' तू तसाही जाणारच आहेस, त्यामुळे तिला नाही म्हणायला अवघड जात नाही. 'व्हॉट आर यू डूइंग ऑन सॅटरडे?' असं मोघम विचारू नकोस; 'काही नाही' म्हणाली की बिचारी अडकली. शेवटी 'नो वरीज इफ नॉट' जोडलंस की झालं. आपल्या कानांना ते कोरडं वाटतं, तिकडे तीच अदब.

कुणी 'वी शुड ग्रॅब अ कॉफी समटाइम' म्हणालं तर लगेच हुरळून जाऊ नकोस, त्यात वारही नाही नि वेळही नाही. 'हाऊ अबाउट थर्सडे?' म्हणून बघ. 'आयड लव्ह टु, बट आयम बिझी' एवढ्यावर थांबलं तर तो बहुधा नकार. स्वतःहून दुसरा दिवस सुचवला, तर खरंच यायचंय. आणि हो, 'कम राउंड फॉर टी' म्हटलं म्हणून दुपारी चारला बिस्किटांचा पुडा घेऊन जाऊ नकोस! तुमच्या लीड्सकडे, म्हणजे उत्तर इंग्लंडात, पुष्कळ घरांत 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण. वेळ विचारून घे.

आता मुख्य गोष्ट. पत्रात 'फक्त मैत्री' असं तीनदा लिहिलंयस आणि तिच्या हसण्यावर अर्धं पान. आधी स्वतःशी काय ते ठरव. मैत्रीच असेल तर पुढेमागे चौघांत बोलाव: 'अ फ्यू ऑफ अस आर गोइंग फॉर अ ड्रिंक.' पीत नसशील तर लाइम अँड सोडा माग, कुणी काही म्हणत नाही. पण तिथे पाळीपाळीनं एकेकानं सगळ्यांसाठी पेयं आणायची असतात, त्याला राउंड म्हणतात; राउंडची पाळी तुझी आली की सगळ्यांचे पैसे तुझे. मनात दुसरं काही असेल, तर डिनरच्या आडून विचारण्यात अर्थ नव्हता, आणि दोन नकारांनंतर तिसऱ्यांदा विचारण्यात तर मुळीच नाही. सध्या तिला फक्त 'मॉर्निंग' म्हण नि पुढे जा.

मधल्या काळात आसपासच्या बाकीच्यांशी ओळख वाढव. चहाला तिथे ब्रू म्हणतात. 'एनीवन फॅन्सी अ ब्रू?' असं एकदा टेबलांवरून विचार. फक्त विचारणाऱ्यानंच उठून सगळ्यांसाठी करायचा असतो, तेव्हा कुणाला किती साखर ते लिहून घे.