भरल्या घरात रोजची भाकर

प्रश्न : मी शिक्षिका आहे आणि माझे पती बँकेत नोकरीला आहेत. महिन्याचे वाणसामान पहिल्या आठवड्यातच घरात येते, मुलांच्या शिक्षणासाठी मुदत ठेव आहे, दोघांचाही आयुर्विमा आहे. अशा स्थितीत रात्रीच्या कौटुंबिक उपासनेत येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतले ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असे म्हणताना मला संकोच वाटतो. त्यातच प्रार्थनासभेत एका बंधूंनी विमा उतरवणे हे अविश्वासाचे लक्षण असल्याचे सांगितले. देवावर दररोज विसंबणे म्हणजे नेमके काय?
— एक भगिनी, अहिल्यानगर

उत्तर : प्रिय भगिनी, विम्याचे आधी सांगतो, कारण तो भाग सोपा आहे. बायबलमधल्या योसेफाने मिसर (इजिप्त) देशात सुकाळाच्या सात वर्षांत उत्पन्नाचा पाचवा हिस्सा कोठारांत साठवला, आणि तोही देवाने फारोला, म्हणजे तिथल्या राजाला, दाखवलेल्या स्वप्नांवरून. लूकच्या शुभवर्तमानातल्या 12 व्या अध्यायातल्या धनवानाला मूर्ख म्हटले आहे, पण त्याचा दोष कोठारे बांधण्यात नव्हता. कोठारांकडे पाहून तो आपल्या जिवाला निश्चिंत राहायला सांगू लागला, तिथे तो चुकला. आपला विमा खुशाल चालू ठेवा.

आपला मूळ प्रश्न मात्र खोल आहे, आणि त्यासाठी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 16 वा अध्याय सावकाश वाचावा असे मी सुचवीन. रानात इस्राएल लोकांनी प्रत्येकी एक ओमर (एक माप) मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेले अन्न, रोज गोळा करायचा होता. काहींनी तो सकाळपर्यंत राखून ठेवला तर त्यात किडे पडले. पण सहाव्या दिवशी त्याच देवाने दुप्पट गोळा करायला सांगितले, आणि शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवसासाठी, ठेवलेला तो मान्ना नासला नाही. म्हणजे साठा करणे एका दिवशी अवज्ञा होती आणि दुसऱ्या दिवशी आज्ञापालन. विसंबणे हे डब्यात किती आहे यावर नव्हे, त्या दिवशी कोणाचे ऐकले यावर ठरत होते. याच अध्यायात ज्याने पुष्कळ गोळा केले त्याचे अधिक भरले नाही आणि ज्याने थोडे गोळा केले त्याला कमी पडले नाही, असे वचन आहे, आणि प्रेषित पौलाने ते करिंथ येथील मंडळीला लिहिताना नेमके यरुशलेमेतील गरजू बांधवांसाठी वर्गणी मागताना उद्धृत केले आहे. भरल्या घरातून भाकर मागणारा माणूस शेजारच्या रिकाम्या घरासाठीही मागत असतो, आणि कधी कधी ती प्रार्थना त्याच्याच फडताळातून पूर्ण व्हायची असते.

शिवाय प्रभूची प्रार्थना भाकरीपाशी थांबत नाही. लगेच पुढे क्षमा येते, मग परीक्षा येते. गव्हाचे पीठ महिन्याचे भरून ठेवता येते. सहनशीलता तशी भरता येत नाही. काल सासूबाईंशी, सहकाऱ्याशी किंवा वर्गातल्या हट्टी मुलाशी आपण शांतपणे वागलो, ते बळ आज शिल्लक असेलच असे नाही. पगारदार माणसाचे अवलंबून असणे मुख्यतः इथे उघडे पडते, आणि माझ्या मते आपल्या मंडळ्यांतून याविषयी फारच कमी बोलले जाते.

पंडिता रमाबाई विश्वासाने जगल्या हे आपल्याला ठाऊक असते. त्यांचे नियोजन तितकेसे ठाऊक नसते. 1889 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेला अमेरिकेतून मिळणारी मदत दहा वर्षांपुरतीच ठरलेली होती. ती थांबल्यावर उत्पन्न असावे म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली आणि फळबाग करण्याचा बेत आखला. मग 1896-97 चा दुष्काळ आला, मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा त्यांनी आणल्या, आणि त्यांना ठेवायला ती जमीन उपयोगी पडली. त्यांची मुक्ती मिशन ही संस्था तिथेच वाढली. बेत रमाबाईंचा होता, त्याचा उपयोग वेगळाच झाला, आणि तो होऊ देण्याइतका तो बेत त्यांनी सैल हातात धरला होता.

एक व्यावहारिक सूचना. आपण ही प्रार्थना रात्री, म्हणजे दिवस संपल्यावर म्हणता. मान्ना सकाळी गोळा करत असत आणि ऊन तापले की तो वितळून जाई. रात्रीची उपासना मोडू नका, पण शाळेला निघण्यापूर्वी पाच मिनिटे बसून त्या दिवशी जे आपल्याच्याने होणार नाही असे वाटते ते, म्हणजे एखादी भेट, एखादा तास, एखाद्याला करायची क्षमा, नाव घेऊन मागा.