चारशे सिक्वेन्स उतरवणं हे डेटा एन्ट्रीचं काम आहे का?

प्रश्न : मी नांदेडला बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर लातूर जिल्ह्यात. प्रोजेक्टसाठी सरांनी भेंडीवरच्या हळद्या रोगाच्या विषाणूचे सुमारे चारशे सिक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचे क्रम, जीनबँक या ऑनलाइन संग्रहातून घ्यायला सांगितलेत. पंधरा दिवस एकेक पान उघडून कॉपी-पेस्ट करतेय. मैत्रिणी म्हणतात, ही तर डेटा एन्ट्री. एका क्लासचा तीन महिन्यांचा बायोइन्फॉर्मेटिक्स (संगणकावर जैविक माहिती तपासण्याचा) कोर्स ४५ हजारांना आहे. बाबा म्हणतात, उसाचं बिल आलं की भरू. भरावेत का?

उत्तर : नको भरूस. त्या कोर्समध्ये सुरुवातीला जे शिकवतील, ते तुझ्या हातातल्या प्रोजेक्टमध्येच फुकट शिकता येईल.

कॉपी-पेस्टबद्दल मैत्रिणींचं खरं आहे. पण कोणती नोंद घ्यायची आणि कोणती सोडायची, हे ठरवायला विषय कळावा लागतो. तुझ्या विषाणूचा मुख्य जीनोम, डीएनए-ए, साधारण २,७०० बेसचा, म्हणजे अक्षरांचा. त्याच्यासोबत आढळणारा बीटासॅटेलाइट नावाचा छोटा डीएनए त्याच्या निम्मा, १,३५० च्या आसपास. नुसतं नाव टाकून शोधलंस की दोन्ही येतात, वर कोट प्रोटीनच्या (विषाणूच्या कवचाच्या प्रथिनाच्या) जीनचे सुटे तुकडेही येतात. सगळं एका फाइलीत कोंबून अलाइनमेंट केलीस, म्हणजे सिक्वेन्स एकाखाली एक जुळवलेस, तरी वंशवृक्ष निघेल, पण त्याला अर्थ नसेल. म्हणून अ‍ॅडव्हान्स्ड सर्चमध्ये विषाणूचं नाव ऑर्गनिझमच्या रकान्यात टाक आणि लांबी २,६०० ते २,९०० अशी बांधून घे. आजच करून बघ, यादी किती गळते ते. उरलेल्या नोंदी ‘सेंड टू’मधून एकाच फाइलीत उतरतात. फास्टा या साध्या सिक्वेन्स फॉरमॅटसोबत जीनबँक फॉरमॅटही घे, कारण नमुना कुठल्या पिकावरचा, कोणत्या देशातला, कधी गोळा केला, हे त्यात असतं, जर नोंद करणाऱ्यानं भरलं असेल तर. अ‍ॅक्सेशन नंबर (नोंदीचा ओळखक्रमांक) लिहिताना टिंबापुढचा आकडा गाळू नकोस. सिक्वेन्स दुरुस्त झाला की तोच आकडा वाढतो.

हे जमलं की बायोपायथॉन या पायथॉन भाषेतल्या मोफत संचामधलं एन्ट्रेझ शिक. त्यानं छोट्या प्रोग्रामनं, म्हणजे स्क्रिप्टनं, नोंदी मागवता येतात. ई-सर्च आयडी शोधतं, ई-फेच नोंद आणतं. स्क्रिप्टमध्ये स्वतःचा ईमेल दे. एपीआय की (वापरणाऱ्याचा ओळख-कोड) नसेल तर सेकंदाला ३ विनंत्या चालतात, मोफत की घेतलीस तर १०. कॉलेजच्या लॅबमध्ये बहुतेक सगळ्यांचं नेट एकाच आयपीवरून जातं, तेव्हा वर्गानं एकदम स्क्रिप्टा चालवल्या तर सगळ्यांच्याच अडतील.

आणि हे काम दूरचं समजू नकोस. हळद्याला तोंड देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची. पुढे तिच्यावरही रोग दिसू लागला. विषाणू कसा बदलत गेला, हे अशा नोंदी शेजारी-शेजारी ठेवूनच कळतं. मला तुझा प्रोजेक्ट फार मोलाचा वाटतो.

आता नोकरीचं. या क्षेत्रातल्या बऱ्याचशा जागा पुणे, हैदराबाद, बंगळुरूकडे आहेत आणि नुसत्या बी.एस्सी.वर, तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटला तिथे फारसं वजन नसतं. बाबांना हे आधीच सांग. एम.एस्सी. करायला हवं. जॅम या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर आणि गॅट-बी ही बायोटेक्नॉलॉजीच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, दोन्हींची तयारी धर. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात, परीक्षा फेब्रुवारीत असते. तुझी स्क्रिप्ट आणि कोणती नोंद का गाळली याचा तक्ता गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर ठेव. मुलाखतीत तेच उघडून दाखवता येईल. उसाच्या बिलातले ४५ हजार, एम.एस्सी.ला पुण्याला गेलीस तर तिथल्या खोलीसाठी आणि मेससाठी राखून ठेवायला सांग.