५डब्ल्यू-३० ऐवजी २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल टाकलं तर चालेल का?

शक्यतो नको. आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. ग्रेड, म्हणजे ५डब्ल्यू-३० सारखा दाटपणाचा आकडा, तिथे दिलेली असते, बऱ्याचदा ऑइल भरायच्या झाकणावरही छापलेली असते. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं आणि स्टार्ट मारल्यावर पटकन वरपर्यंत पोचतं. मागचा आकडा इंजिन तापल्यावर, १०० अंश सेल्सिअसला, ते किती दाट राहतं ते सांगतो. नव्या इंजिनांतल्या फटी बारीक, तिथे २०डब्ल्यू-५० जड पडतं, मायलेजही घटतं. नुसती ग्रेड जुळून भागत नाही, डब्यावरचा एपीआय (अमेरिकी) किंवा एसीईए (युरोपीय) हा ऑइलच्या दर्जाचा कोडही ताडून बघा. डिझेल गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर कमी राखेचं ऑइलच घ्या, नाहीतर फिल्टर चोंदतो. सिंथेटिक की मिनरल, हा वाद मला तरी त्यानंतरचा वाटतो.