आतड्याची भिंत जाड झाली, तर तिच्यातून पिशव्या बाहेर कशा येतात?

तुम्ही लिहिलंय की ६२ वर्षांच्या वडिलांना डावीकडे ओटीपोटात दुखून ताप आला, ऐरोलीत सीटी स्कॅन केला आणि रिपोर्टमध्ये 'सिग्मॉइडची भिंत जाड, अनेक डायव्हर्टिक्युला' असं आलं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या डाव्या भागाची भिंत जाड आणि तिच्यातून बाहेर आलेल्या अनेक पिशव्या. भिंत जाड म्हणजे मजबूत, मग पिशव्या कशा? आणि हा कॅन्सर तर नाही ना?

मी ठाण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशन करून काढलेलं असं आतडं तपासायला माझ्याकडे येतं. फॉर्मलिनच्या डब्यातून ते बाहेर काढलं की आधी बोटांनाच कळतं: हात लावला तरी ते रबरी नळीसारखं ताठ राहतं. कात्रीने उभं उघडलं की आत दाट चुण्या आणि चुण्यांच्या मध्ये बारीक भोकं. भोकात सळई घातली तर ती भिंत ओलांडून बाहेरच्या पिवळ्या चरबीत जाऊन थांबते. तिथे वाटाण्याएवढी पिशवी, कधी आत मळाचा वाळलेला खडा. त्या पिशवीची भिंत कागदासारखी पातळ, कारण तिला फक्त आतलं अस्तर असतं. स्नायूचा थर मागेच राहिलेला असतो.

हे अस्तर बाहेर पडतं कुठून, तर रक्तवाहिन्या स्नायू भेदून आत शिरतात त्या फटींतून. फटी तुमच्या-माझ्या आतड्यातही आहेत. मोठ्या आतड्याचा बाहेरचा उभा स्नायू सलग नसून तीन पट्ट्यांत गोळा झालेला असतो, म्हणून पट्ट्यांच्या मधली भिंत मुळातच थोडी उघडी.

आता जाडपणाचं. पायजम्याच्या नेफ्यातली नाडी ओढली की कापड चुण्या पडून जाड दिसतं, पण कापड वाढलेलं नसतं. इथे नाडीचं काम त्या तीन पट्ट्या करतात. १९८५ मध्ये व्हाइटवे आणि मॉर्सन या संशोधकांनी दाखवलं की या पट्ट्यांमध्ये इलॅस्टिन (ताणून पुन्हा आखडणारं प्रथिन) दुपटीहून जास्त साठतं, पट्ट्या आखडतात आणि आतडं लांबीत गोळा होतं. स्नायूच्या पेशी मात्र मोठ्या झालेल्या नसतात. जोडीला वयाबरोबर कोलॅजनचे (भिंतीला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे) धागे एकमेकांना जास्त घट्ट बांधले जातात, भिंतीची लवचिकता जाते. (मार्फानसारखे कोलॅजन-इलॅस्टिनचे जन्मजात आजार असलेल्यांना या पिशव्या तरुण वयातच होऊ शकतात, मला हा फार बोलका पुरावा वाटतो.) सिग्मॉइड हा मोठ्या आतड्याचा सगळ्यात अरुंद भाग. तो आखडला की पोकळी आणखी लहान होते, आतला दाब वाढतो आणि अस्तर फटीतून ढकललं जातं. रिपोर्टमधला जाडपणा थोडा या आखडण्याचा असतो, थोडा दाहामुळे आलेल्या सुजेचा.

आहारातल्या चोथ्याचं (फायबरचं) काय? पेंटर आणि बर्किट या डॉक्टरांनी १९७१ मध्ये या आजाराचा दोष कमी चोथ्याच्या आहाराला दिला. पिशव्या निव्वळ त्यामुळेच होतात हे पुढच्या अभ्यासांत तितकं पक्कं ठरलं नाही, पण पिशव्यांना दाह होऊ नये म्हणून चोथा उपयोगीच आहे. दुखणं चालू असेपर्यंत मऊ आहार, मग हळूहळू भाकरी, उसळ, भाज्या. माझ्या सासूबाईंना कुणीतरी सांगितलं की बिया पिशवीत अडकतात, म्हणून त्यांनी दोन वर्षं पेरूला हात लावला नाही. मला वाईट वाटतं त्याचं. २००८ साली ४७,००० हून अधिक पुरुषांचा १८ वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुकामेवा, मका किंवा पॉपकॉर्न खाल्ल्याने धोका वाढलेला दिसला नाही.

कॅन्सरबद्दल: पिशव्यांचा कॅन्सर होत नाही. पण सुजून जाड झालेली भिंत आणि गाठ यांतला फरक सीटीवर दर वेळी सांगता येत नाही. म्हणून अलीकडे कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी) झाली नसेल, तर दाह शमल्यावर साधारण ६ ते ८ आठवड्यांनी ती करतात. आत्ता घाईने करू नका, सुजलेल्या भिंतीला भोक पडण्याची भीती असते. ही तारीख डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या.

आणि एक. फटीतली ती रक्तवाहिनी आता पिशवीच्या माथ्यावर ताणलेली असते. ती फुटली तर पोटात न दुखताही शौचावाटे भरपूर रक्त जातं. तसं झालं, किंवा ताप येऊन पोट कडक झालं, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी वडिलांना हॉस्पिटलमध्ये न्या.